हॉलमधला टीव्ही किचनमध्येही ऐकायचा तर आवाज दोनदा का येतो

आमचा वन बीएचके बोरिवलीत. टीव्ही हॉलमध्ये, मग छोटा पॅसेज, मग किचन. संध्याकाळी साडेसात ते दहा सासूबाईंच्या मालिका आणि नेमक्या त्याच वेळी पोळ्या, भाजी, कुकरच्या शिट्ट्या, चिमणीची घरघर. किचनमध्ये ऐकू यावं म्हणून टीव्ही ३५ वर, हॉलमध्ये बाबा कपाळाला आठ्या घालून बसलेले आणि बाजूच्या ब्लॉकमधल्या काकूंना आमच्या मालिकेची स्टोरी तोंडपाठ. म्हणून दिवाळीत नवऱ्याने एक ब्लूटूथ स्पीकर आणला, ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, झालं काम. कसलं झालंय. तिथून चार महिने दर आठवड्याला काहीतरी बंद पडायचं, आम्ही खटपट करून चालू करायचो, चार दिवस बरं चालायचं आणि परत तेच. आता दोन महिने झाले नीट चाललंय म्हणून लिहितेय, कारण मी एकच बिघाड आहे असं धरून चालले होते आणि तिथेच सगळा वेळ गेला. वेगवेगळे तीन होते.

आधी सुरुवातीचा घोळ. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ स्पीकर जोडला की बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो. आमचाही झाला. किचनमध्ये मालिका, हॉलमध्ये मूकपट. काही टीव्हींमध्ये दोन्हीकडे आवाज सोडायचं सेटिंग असतं, साउंड आउटपुटमध्ये शोधा, आमच्यात नव्हतं. मग लॅमिंग्टन रोडला जाऊन ब्लूटूथ ट्रान्समीटर आणला, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, ती टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल पोर्टला लावायची आणि ती डबी स्पीकरला आवाज पाठवते. ऑप्टिकल लावूनसुद्धा आमच्या टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू राहतो, म्हणून हा मार्ग.

घरी आणून लावली तर आवाजच नाही. डबी खराब म्हणून परत द्यायला निघाले होते, तेवढ्यात वायरचं टोक नीट बघितलं तर त्यावर पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी तशीच. दोन्ही टोकांना असते ती, टोक खराब होऊ नये म्हणून. ती काढल्याशिवाय वायर अर्धवटच बसते. ऑप्टिकल वायर चालू आहे का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे टीव्ही चालू ठेवून वायर टीव्हीला लावायची आणि दुसरं टोक तळहातावर धरायचं, लाल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका नसेल तर वायर तुटलीय किंवा टीव्हीत आउटपुट बंद आहे. आणि ही वायर कपाटाच्या मागे कोंबून दुमडू नका, आत तांबं नसतं, उजेड जायचा रस्ता असतो, जास्त वळली की संपली.

आता पहिला बिघाड. काही चॅनल लागले की किचनमध्ये सन्नाटा, काही लागले की व्यवस्थित. आईंचं म्हणणं, तुमच्या त्या डबीला फक्त मालिका आवडतात. म्हणजे आठची मालिका ऐकू यायची आणि बाबांनी मॅच लावली की स्पीकर मेला. ह्याचं कारण डॉल्बी, म्हणजे आवाज दाबून, बांधून पाठवायची एक पद्धत. काही एचडी चॅनलचा आवाज डॉल्बीमध्ये येतो, सेट टॉप बॉक्स तो तसाच टीव्हीला देतो, टीव्ही तसाच ऑप्टिकलमधून पुढे ढकलतो, आणि ह्या स्वस्तातल्या डब्यांना फक्त पीसीएम म्हणजे साधा उलगडलेला स्टीरिओ कळतो. डॉल्बी आलं की एकतर गप्प बसतात नाहीतर खर्रर्र आवाज काढतात. उपाय दोन मिनिटांचा आहे पण दोन ठिकाणी करायचा, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑटोवरून पीसीएमवर आणायचं आणि सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी काढून स्टीरिओ किंवा पीसीएम करायचं. मी फक्त टीव्हीत केलं होतं, तेवढ्यावर बरेच दिवस चाललं. मग एक दिवस टीव्हीने रात्री अपडेट घेतला, सकाळी आपोआप सगळं मूळ सेटिंगला, आणि परत बोंब. तेव्हा तुमच्याकडे "काल तर चालत होतं" असं झालं तर आधी ही दोन सेटिंग बघा, वायरी उपसू नका.

दुसऱ्याने जास्त डोकं खाल्लं. रात्री साडेआठ-पावणेनऊला किचनमधला स्पीकर "टुंग" करायचा आणि गप्प. सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार काही नाही. मी वायफायवर खापर फोडलं, की संध्याकाळी सगळी बिल्डिंग घरी येते, फोनवर बघितलं तर घरात बसून पंचवीसेक वायफायची नावं दिसतात, आणि ब्लूटूथ आणि वायफाय दोघं २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. नवरा म्हणाला मायक्रोवेव्ह, तोही त्याच पट्ट्यात. झालं, मायक्रोवेव्ह आठवडाभर बंद, दूध गॅसवर, तरी पावणेनऊला टुंग. शेवटी आईच म्हणाल्या, "अगं, हा आला ना की बंद पडतो तो."

हा म्हणजे आमचे चिरंजीव. क्लास करून चर्चगेटहून येतात, आणि त्याने दारात पाऊल टाकलं की त्याच्या खिशातला फोन स्पीकरला जाऊन चिकटायचा, कारण मित्राच्या वाढदिवसाला त्याने हाच स्पीकर नेला होता. बऱ्याच स्पीकरना जुने सगळे फोन लक्षात राहतात आणि काही एकाच वेळी दोघांना धरून ठेवतात, मग फोनवर व्हॉट्सॲपचं एक पिंग वाजलं तरी स्पीकर टीव्ही सोडून फोनकडे वळतो आणि परत वळायचं विसरतो. मग आठवलं की एकदा मी भाजीत मीठ घालत असताना मालिकेच्या मध्येच स्पीकरमधून कुणीतरी "भाई लोग" म्हणून ओरडलं होतं, आम्हाला वाटलं जाहिरात. तर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधून तो स्पीकर फर्गेट केला, स्पीकर फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकात दिलंय तशी बटणं दाबून धरली, आणि फक्त डबीला जोडला. त्या दिवसापासून टुंग बंद. पार्टीला नेऊ का विचारलं तर उत्तर नाही.

वायफायचं मी म्हटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं हां. ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत चालतं आणि गर्दीचे चॅनल टाळतं, त्यामुळे शेजाऱ्यांच्या राउटरने सहसा एकदम बंद पडत नाही, पण तुटक येऊ शकतं. आमची डबी राउटरला टेकून होती, ती दीड-दोन मीटर लांब नेल्यावर आणि घरातले फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकल्यावर बारीक कटकट कमी झाली. टीव्हीला यूएसबी ३ वाली हार्डडिस्क लावलेली असेल तर तीही लांब करा, तिचा गोंगाट ह्याच पट्ट्यात पडतो. आणि स्पीकर फ्रिजच्या मागे किंवा स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीत ठेवायचा नाही, पत्र्याच्या आड सिग्नल कसा जाणार.

हे सगळं झालं तरी मूळ दुखणं तसंच. आवाज दोनदा. पॅसेजमध्ये उभं राहिलं की हॉलमधून "निघून जा" आणि मागोमाग किचनमधून "निघून जा". मालिकेत आधीच प्रत्येक धक्का तीन अँगलने तीनदा दाखवतात, आमच्याकडे तो सहा वेळा बसायचा. नवऱ्याचं म्हणणं रेंजचा प्रॉब्लेम, दुसरा भारीतला स्पीकर घेऊ. मी म्हटलं थांब, आधी मोजू.

मोजायला काही लागत नाही. फोनवर एक व्हिडिओ काढला, स्टीलच्या ताटावर चमचा एकदाच टण्ण, मग दोन सेकंद शांतता, परत टण्ण, असा दहा वेळा. तो पेन ड्राइव्हने टीव्हीवर लावला, आणि दुसऱ्या फोनचा व्हॉइस रेकॉर्डर पॅसेजमध्ये अशा जागी ठेवला की टीव्ही आणि किचनचा स्पीकर दोन्ही सारख्याच अंतरावर. ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीमध्ये उघडलं, फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर. प्रत्येक टण्णच्या जागी दोन सुळके दिसतात, पहिला टीव्हीचा, दुसरा स्पीकरचा. माऊसने मधलं अंतर निवडलं की खाली आकडा येतो. माझा आला ०.२३ सेकंद, म्हणजे २३० मिलिसेकंद. मुंबईच्या गरमीत आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, तेव्हा एवढ्या वेळात तो ८० मीटर गेला असता. म्हणजे वन बीएचकेमध्ये आमचं किचन हॉलपासून ८० मीटरवर!

हा उशीर बिघाड नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. डबी आवाजाचे तुकडे करते, दाबून लहान करते, पाठवते, आणि स्पीकर ते लगेच न वाजवता थोडा साठा करून मग वाजवतो, की मध्ये एखादा तुकडा हरवला तर परत मागवायला वेळ मिळावा. साध्या ब्लूटूथला ह्या सगळ्यात १५० ते २५० मिलिसेकंद जातात. फोनवर गाणी ऐकताना कळत नाही कारण तुलना करायला दुसरं काही नसतं. भारीतला स्पीकर घेऊन आवाज गोड येईल, लवकर येईलच असं नाही.

मग टीव्हीतलं ऑडिओ डिले सेटिंग सापडलं, एव्ही सिंक पण म्हणतात, आणि मला वाटलं जिंकलो. ते शून्यापासून पुढेच जातं. अर्थात, आवाज अजून उशिरा करता येतो, आधी कसा करणार, जो आवाज आलाच नाही तो वाजवायचा कुठून. हॉलचा आवाज उशिरा करून किचनशी जुळवावा म्हटलं तर आमच्या टीव्हीत ते सेटिंग फक्त ऑप्टिकलला लागू, म्हणजे किचन अजून मागे. आणि समजा जुळलं असतं तरी हॉलमध्ये बाबांना ओठ आधी आवाज नंतर असं दिसलं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ह्यावर १९९८ ची एक शिफारस आहे, तिच्यात आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला जाणवायला लागतं असं धरलंय. २३० मागे म्हणजे डब केलेला सिनेमा. शिवाय माझ्याकडे तरी स्पीकर कट होऊन परत जोडला की आकडा बदलायचा, एकदा २३०, एकदा १८०. जुळवलेलं टिकलंच नसतं. "परत परत बिघडतं" ह्यातला निम्मा वाटा ह्याचा होता.

कॉम्प्युटरवरून व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये पिक्चर लावत असाल तर तुमचं काम सोपं आहे, कीबोर्डवर जे आणि के दाबून आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे होतो, कारण तिथे फाईल हातात असते, चित्रालाही थांबवता येतं. सेट टॉप बॉक्समधून येणाऱ्या चित्राला कोण थांबवणार.

मग वायफाय स्पीकर का नाही, हे मला भाच्याने विचारलं. वायफायवाले मल्टिरूम स्पीकर गाण्यांसाठी मस्त, सगळ्या खोल्यांत एकदम एकच सूर, पण ते जमतं ते सगळे मिळून थांबतात म्हणून. प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहिलेली असते आणि सगळ्यात ढिम्म स्पीकर तयार होईपर्यंत बाकीचे वाट बघतात, त्यात एखाद-दोन सेकंद गेले तरी गाण्याला फरक पडत नाही. चित्र त्याच यंत्रणेतून चालत असेल, जसं ॲपलच्या एअरप्ले २ मध्ये ॲपवरचा पिक्चर, तर चित्रही थांबवून जुळवता येतं. आपली मालिका एचडीएमआयमधून थेट पडद्यावर येते, ती कुणासाठी थांबत नाही. टीव्हीसाठी म्हणून बनवलेले सेट मिळतात, साउंडबार आणि बाकी खोल्यांचे स्पीकर एकाच जातीचे, ते हे बऱ्यापैकी सांभाळतात, पण मालिका ऐकत पोळ्या लाटायला तेवढा खर्च मला पटला नाही.

शेवटी जे केलं ते असं. जुनी डबी काढून अशी घेतली जिच्यात ॲप्टएक्स लो लेटन्सी आहे, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज लवकर पोचवायची एक पद्धत, ह्यात उशीर साधारण ४० मिलिसेकंद. पण हे दोन्ही टोकांना लागतं, आणि बाजारातल्या बहुतेक पार्टी स्पीकरमध्ये ते नसतंच, मग दोघं गुपचूप साध्या ब्लूटूथवर बोलतात आणि तुम्हाला वाटतं फसवलं. म्हणून त्याच प्रकारचा एक रिसीव्हर, म्हणजे आवाज झेलणारी डबी, घेतला आणि माळ्यावर पडलेले जुन्या कॉम्प्युटरचे स्पीकर काढून, तीन वेळा पुसून, त्याला साध्या ऑक्स वायरने जोडले. ह्या स्पीकरना ना ॲप, ना बॅटरी, ना कुणाचा फोन. दिवाळीचा स्पीकर आत बेडरूममध्ये गेला, जुनी डबी आता रात्रीपुरती टीव्हीच्या हेडफोनच्या भोकाला लावतो, बाबा दार लावून पडल्या पडल्या बातम्या ऐकतात, तेव्हा हॉलमध्ये आवाज नको असतो. बंद खोलीत २३० मिलिसेकंद उशिरा आल्या काय आणि नाही काय, बातम्या त्याच.

ताट-चमचा परत केला, आकडा ४५ च्या आसपास. आता गंमत बघा, टीव्हीपासून ओटा सुमारे ७ मीटर, म्हणजे हॉलचा आवाज ओट्यापर्यंत पोचायलाच २० मिलिसेकंद लागतात. ओट्यापाशी उभ्या माणसाला दोन आवाजांतला फरक उरला २५. आणि कान साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आतले दोन सारखे आवाज एकच धरतो, ह्याला हास इफेक्ट म्हणतात, हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ च्या प्रबंधात हे मांडलं होतं. आईंना ह्यातलं काही सांगितलं नाही, त्या फक्त म्हणाल्या, आज दोनदा नाही बोलली ती. हॉलमध्ये मात्र हिशोब उलटा पडतो, ४५ अधिक २० म्हणजे ६५, तिथे कान देऊन ऐकलं तर किंचित घुमल्यासारखं वाटतं. म्हणून किचनचे स्पीकर पॅसेजकडे तोंड करून ठेवायचे नाहीत, भिंतीकडून ओट्यावर येतील असे ठेवायचे आणि आवाज बेताचा. एका डबीला दोन रिसीव्हर जोडायचा विचार असेल तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, काहींमध्ये दोन जोडले की लो लेटन्सी बंद होते.

आणि घराचं काम काढणार असाल तर हे सगळं विसरा, इलेक्ट्रिशियनला सांगून हॉल ते किचन एक ऑडिओची वायर भिंतीतल्या पाइपमधून टाकून घ्या, विजेच्या वायरीपासून वेगळ्या पाइपमधून. वायरला उशीर नाही, पासवर्ड नाही. आम्हाला टाइल्स फोडायच्या नव्हत्या.

मॅचच्या दिवशी शेजारून "आउट" ओरडतात आणि आमच्या टीव्हीवर बोलर अजून रनअपला असतो, ते ह्यातलं नाही. आम्ही तेव्हा मॅच चॅनलऐवजी ॲपवर बघत असतो, ते डिशवर, इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण बरेच सेकंद मागे असतं आणि त्यावर दार-खिडक्या लावण्याशिवाय इलाज नाही.

एक खोट राहिलीय. मधूनमधून आमच्या विंगचा लाइट ट्रिप होतो, परत आला की टीव्हीमागची डबी आपोआप चालू होते पण किचनमधला रिसीव्हर होत नाही, त्याचं बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. त्याला एकसारखी तीन काळी बटणं आहेत, मधल्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. लाइट आला की आई पिठाचा हात पदराला पुसून ठिपका दाबतात आणि लाटणं परत हातात घेतात.